अर्धा रोल पूर्वेला, अर्धा पश्चिमेला: फिल्म कॅमेरा घेऊन मुंबईच्या काठाने एक दिवस

मुंबईत समुद्राचे फोटो काढायचे म्हटलं की सगळे संध्याकाळी मरीन ड्राइव्ह गाठतात, फिल्मवाले पण तेच करतात, आणि मग रोल धुऊन आला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेममध्ये एकच सूर्य बुडतोय, तो पण टाचणीच्या डोक्याएवढा. माझे पहिले दोन रोल असेच गेले. नंतर कधीतरी चर्चगेटवरून गेटवेला चालत जाताना टाळक्यात शिरलं की अरे, दक्षिण मुंबई म्हणजे चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला बंदर, दुसऱ्या हाताला बॅक बे म्हणजे मरीन ड्राइव्हचा समुद्र, मध्ये रमतगमत चाललं तरी अर्धा-पाऊण तास. म्हणजे सूर्य उगवताना पूर्वेचा काठ पकडायचा, मावळताना पश्चिमेचा, आणि रोल एकच. सकाळी १८ फ्रेम, संध्याकाळी १८. तेव्हापासून मी असाच जातो, आणि कोणी विचारलं फिल्मवर सुरुवात कुठून करू तर हेच सांगतो.

कॅमेरा कुठलाही चालेल, खरंच. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१०, आजोबांच्या कपाटातला यशिका, जे असेल ते. फक्त दोन गोष्टी घरीच बघून घ्या. एक, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते फंगस, मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटात पडलेल्या लेन्सला ते होतंच, थोडं असेल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही पण उन्हाकडे तोंड केलं की सगळं धुरकट येतं. दोन, मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून बघा. बोटाला डांबरासारखं चिकटलं की तो गेला, तिथून उजेड आत शिरणार आणि प्रत्येक फ्रेमवर नारिंगी पट्टा येणार. बोराबाजारच्या बाजूला कॅमेरा रिपेअरवाले अजून आहेत, त्यांच्यासाठी हे किरकोळ काम आहे. नवीन कॅमेरा घ्यायचा असेल तर चोरबाजारातून पहिल्याच फेरीत उचलू नका, शटर सगळ्या स्पीडला मारून बघितल्याशिवाय तर अजिबातच नाही.

लेन्स एकच न्या, ५० एमएम नाहीतर ३५. झूमची बॅग घेऊन उकाड्यात दिवसभर चालणारी माणसं मी बघितलीत, दुपारपर्यंत ती फोटो सोडून बॅगच सांभाळत असतात.

रोल ४००चा घ्या, हा आकडा म्हणजे फिल्मचा स्पीड, जितका मोठा तितक्या कमी उजेडात फिल्म चालते. २०० स्वस्त पडतो आणि दिवसा मस्तच चालतो, पण आपल्याला त्याच रोलवर अंधार पडेपर्यंत जायचंय. रंगीत हवा तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, ब्लॅक अँड व्हाइट हवा तर इलफर्ड एचपी५. माझा कल एचपी५कडे, कारण मुंबईचं आकाश बरेचदा निळं नसतंच, ते राखाडीच असतं, मग त्या राखाडीला रंगीत रोलचे पैसे कशाला घालवायचे. वर पिवळा फिल्टर लावला तर धुरकटपणा थोडा कापला जातो. रोल, धुलाई आणि स्कॅन असं सगळं जोडलं की एका क्लिकला दोन वडापाव जातात असा माझा हिशोब आहे, आणि हा हिशोब डोक्यात असला की बोट आपोआप शटरवरून खाली येतं.

रोल भरताना घाई नको. फिल्मचं टोक स्पूलमध्ये नीट अडकवा, झाकण लावा, आणि रिवाइंडची चक्री अलगद फिरवून फिल्म ताणून घ्या. आता लिव्हर ओढला की ती चक्री उलटी फिरली पाहिजे. नाही फिरली तर फिल्म आत सरकतच नाहीये, परत उघडा. मेट्रोने येणार असाल तर रोल बॅगेत ठेवून स्कॅनरमधून पाठवण्यापेक्षा हातात काढून दाखवा, एकदोनदा एक्स-रे लागून ४०० स्पीडला काही होत नाही म्हणतात पण कॅमेऱ्यात भरलेला रोल रोजच्या रोज त्यातून कशाला न्यायचा. आणि एसी लोकलने आलात तर उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका, बाहेरची दमट हवा लागली की लेन्सला घाम फुटतो, पुसलं तरी परत येतो. बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

आता भरती-ओहोटी. हे कोणी सांगत नाही आणि माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. आमच्या आजीकडे, कोकणात, एक हिशोब होता: तिथीची पाऊणपट. म्हणजे पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार, पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष सुरू झाला की मोजणी परत एकपासून. मुंबईला पण हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील नाहीतर मोबाइलवरचा टाइड टेबल बघून खात्री करा. पण कॅलेंडरवर तिथी बघून महिनाभराचा आराखडा डोक्यात मांडायला हे भारी आहे.

त्यातून काय निघतं बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते आणि सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी पार खाली गेलेलं असतं. म्हणजे त्या दिवशी सूर्यास्ताला जाल तर लाटा मिळणार नाहीत, ओले दगड, उघडे पडलेले टेट्रापॉड (काठावर टाकलेले काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) आणि वास मिळेल. अष्टमीच्या आसपास उलटं, सहाला पाणी कठड्याजवळ, पण ती भांगाची भरती, जोर कमी, पाणी शांत. मला तर हीच आवडते, पाण्यात उजेड नीट पसरतो. आणि पेपरात येतात त्या कठड्यावरून उडणाऱ्या मोठ्या लाटा हव्या असतील तर पावसाळा, उधाणाचे दिवस आणि दुपारची वेळ. ढग असतात त्यामुळे दुपार असूनही उजेड मऊ असतो. फक्त त्या लाटा रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून काढा, शटर १/५०० सेकंदाला ठेवून. कठड्याला टेकून नाही, टेट्रापॉडवर उतरून तर कधीच नाही, शेवाळावर पाय घसरला की दोन दगडांच्या मध्ये माणूस जातो आणि काढायला सुद्धा वेळ लागतो.

सकाळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमाराला, त्याच्या अर्धा तास आधी गेटवेला पोचा. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, तो सकाळी उशिराच सुरू होतो पण परत जाताना बोंब होते. सोमवार मला जास्त बरा वाटतो, एलिफंटाची लेणी बंद असतात त्यामुळे बोटीची गर्दी कमी.

गेटवेचं एक लक्षात ठेवा, कमानीचं खरं तोंड समुद्राकडे आहे, म्हणजे पूर्वेला. पंचम जॉर्ज १९११ ला इथे उतरला त्याची ही आठवण, बांधून पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली. म्हणजे ही वास्तू बोटीतून येणाऱ्यासाठी बांधलीय. आपण मात्र बहुतेक वेळा तिच्या पाठीमागे, चौकात उभे असतो, आणि सकाळी उजेड समोरून येतो. मग चौकातून काढाल तर कमान काळी पडणार. पडू द्या. आकाशावर मीटर करा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मीटरने उजेड आकाशाचा मोजा, सूर्य फ्रेमच्या बाहेर ठेवून, आणि कमानीतून एखादा माणूस जाईपर्यंत थांबा. दोन फ्रेम, बास. दगडाचा पिवळसर रंग आणि कोरीव काम हवं असेल तर जेट्टीवरून बंदरात चक्कर मारून आणणारी बोट घ्या, समुद्रातून मागे वळून बघितलं की सकाळचं ऊन थेट कमानीवर आणि बाजूला १९०३ चं ताज. बोट हलते, त्यामुळे १/२५० च्या खाली येऊ नका. उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. ट्रायपॉड तर आणूच नका, पाय उघडायच्या आत हवालदार येतो.

इथे चौकात ते फोटोवाले असतात, गळ्यात डिजिटल कॅमेरा, कमरेला छोटा प्रिंटर, हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम, बोटाने ताजचा कळस धरल्यासारखे फोटो काढून देणारे. त्यातले एक काका माझा के१००० बघून थांबले. म्हणाले बघू रे. हातात घेतला, डोळ्याला लावला नाही, आधी अंगठ्याने लिव्हर अर्धा ओढून चक्री फिरतेय का ते बघितलं, मग परत सोडला. सवयीचा हात. म्हणाले आम्ही रोलवर काढायचो तेव्हा पत्ता लिहून घ्यायचो आणि फोटो पोस्टाने पाठवायचो, लोक पैसे आधी देऊन जायचे. मी मीटरची सुई सांभाळत बसलो होतो तर म्हणाले, "अरे सुई काय बघतोस, खाली फरशी बघ. फरशीवर सावलीची कड दिसते का? कड धारदार तर सोळा. कड विरघळली तर अकरा. सावलीच नाय तर आठ." झालं, सनी सिक्स्टीनचा, म्हणजे मीटरशिवाय नुसत्या उन्हावरून उजेड ठरवायच्या नियमाचा, अख्खा धडा तीन वाक्यांत. ४०० चा रोल असेल तर शटर १/५०० ला ठेवायचा आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, फरशीला विचारायचं; काकांचे सोळा, अकरा, आठ हे त्याचेच आकडे, आकडा लहान तितकं भोक मोठं. मुंबईच्या हिवाळ्यात धूर-धुकं असतं म्हणून मी ऊन दिसलं तरी अकराच धरतो, निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला नाही. सावलीतला तपशील एकदा गेला की गेला.

अजून एक, पाण्याची चमक मीटरला फसवते. सुई म्हणते भरपूर उजेड आहे, ॲपर्चर बंद कर, आणि कठड्यावर बसलेल्या माणसाचा कोळसा होतो. अशा वेळी ज्या उन्हात माणूस आहे त्याच उन्हात आपला तळहात धरा, त्यावर मीटर करा आणि एक स्टॉप उघडा, म्हणजे त्याच्या दुप्पट उजेड आत येऊ द्या. काम होतं.

गेटवेवरून ताजच्या समोरून रेडिओ क्लबच्या दिशेने कठड्याकठड्याने चालत जा. इथे घाई नको, नांगर टाकून उभ्या होड्या, कठड्यावर पेपर वाचणारे, पोहून आलेली पोरं. चार फ्रेम. तिथून कुलाब्याच्या रस्त्याला लागून ससून डॉकला जाता येतं, १८७५ चा डॉक, पहाटेच लिलाव सुरू होतो आणि नऊनंतर ओसरायला लागतो. आत फोटोला परवानगी लागते, गेटवर विचारा, नाही म्हटलं तर नाही, लपूनछपून काढू नका. मी कॅमेरा बॅगेत ठेवून आत चक्कर मारून येतो आणि फोटो गेटबाहेर काढतो, हातगाड्या, बर्फाच्या लाद्या, टोपल्या घेऊन टॅक्सीत बसणाऱ्या बायका. आधी विचारा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढंच. एक मावशी मला म्हणाली काढ, पण कोलंबी घेणार का ते आधी सांग. अर्धा किलो घेतली, मग दिवसभर तिचा वास बॅगेला, संध्याकाळी शेजारी कोणी बसेना. म्हणून सांगतो, खरेदी करायची असेल तर तो दिवस वेगळा ठेवा.

इथपर्यंत १८ झाले पाहिजेत. काउंटर बघा. २२ झाले असतील तर संध्याकाळी हात आखडता.

दुपारचं काही विशेष नाही. खिमा पाव खा, सावलीत बसा, कॅमेरा उन्हात तापत ठेवू नका. चारच्या सुमाराला रीगल सिनेमावरून ओव्हल मैदानाकडे निघा. ओव्हलला मात्र एक फ्रेम द्या, एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, १८७८ ची गॉथिक दगडी कामं, आणि मैदानाच्या पलीकडे समोरासमोर १९३० च्या पुढच्या आर्ट डेको बिल्डिंगी. हेच सगळं मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगी पण त्यातच. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून राजाबाईच्या तोंडावर पडतं. मध्ये क्रिकेट चालू असतं, बॉल कॅमेऱ्यावर येऊ शकतो, थट्टा नाही.

मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. आणि इथे माझं ऐका, पहिला अर्धा तास समुद्राकडे पाठ करून उभे राहा. सगळी गर्दी पश्चिमेला बघत असते आणि उजेड पडलेला असतो पूर्वेला, बिल्डिंगींवर. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरचे लांब छज्जे, जिन्याची उभी जाळी, तिरक्या उन्हात प्रत्येक छज्ज्याची सावली भिंतीवर रेघ मारते. चर्चगेटच्या रस्त्याच्या तोंडाशी सूना महल आहे, कोपऱ्यावर गोल वळलेली, तिथून सुरू करा आणि चौपाटीकडे चालत राहा. पार्क केलेल्या गाड्या आणि झाडं मध्ये येतात, त्यासाठी कठड्याच्या कडेला उभं राहून थोडं लांबून काढा. सहा फ्रेम इथे द्या, पस्तावणार नाही.

मग वळा. सूर्य कुठे बुडणार ते महिन्यावर आहे. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकलेला असतो, उघड्या समुद्रात बुडतो, साधारण सहाला. मे-जूनमध्ये सव्वासातला, आणि ड्राइव्हच्या मधल्या भागातून बघाल तर तो मलबार हिलच्या मागे जातो, तेव्हा समुद्रातला सूर्य हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला जायला लागतं. चौपाटीवरून तर डोंगर आडवा येतोच. सूर्याचा फोटो एकच काढा, मी बजावून सांगतो, एकच. बाकी फ्रेम कठड्यावरच्या माणसांना. पाठमोरी जोडपी (तोंडं नको, प्रत्येकाच्या घरी सांगून आलेले नसतात), चणेवाला, सायकलवरचा चहावाला, ऑफिसची बॅग मांडीवर ठेवून एकटाच बसलेला माणूस. सूर्य बुडाल्यावर लोक उठून जायला लागतात, तुम्ही थांबा. त्यानंतरची वीस मिनिटं सगळ्यात भारी, आकाशात अजून उजेड असतो आणि खाली दिवे लागलेले असतात. ४०० ला एफ/२ आणि १/३० धरून बघा, कॅमेरा कठड्यावर ठेवा, खाली रुमाल, श्वास सोडताना हळू दाबा. रंगीत रोल असेल तर पिवळ्या दिव्यांत सगळं नारिंगी येणार, त्याला इलाज नाही.

दिवसभरात लेन्सवर खाऱ्या हवेचा थर बसतो. शर्टाच्या टोकाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. समोर साधा यूव्ही फिल्टर असू द्या, आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्यात जेमतेम ओला केलेला मऊ कपडा कॅमेऱ्याच्या बॉडीवरून आधी फिरवा, मग कोरडा.

३६ झाल्यावर लिव्हर अडला की जोर लावू नका. मी लावला होता. ३७वी मिळेल या हावेपोटी ओढला, काहीतरी टक्क झालं, आणि रिवाइंडची चक्री एकदम हलकी फिरायला लागली, म्हणजे फिल्म डब्बीतून सुटली होती. तेव्हा हे कळायची अक्कल नव्हती. चर्चगेट स्टेशनच्या बाकड्यावर ट्यूबलाइटखाली बसून मी झाकण उघडलं. अख्खी फिल्म स्पूलवर गुंडाळलेली, चमकत होती. लॅबवाल्याने आठवड्याने काळीकुट्ट पट्टी हातात दिली आणि पैसे पण घेतले, बरोबरच आहे, धुतली तर होतीच त्याने. तर चक्री हलकी लागली की झाकण बंदच ठेवा, कॅमेरा तसाच्या तसा लॅबमध्ये द्या आणि फिल्म आत सुटलीय असं तोंडाने सांगा. ते अंधारात काढतात.

नीट रिवाइंड झाला तर डब्बीवर पेनने तारीख आणि कुठल्या स्पीडला काढलाय ते लिहा. रंगीत रोल लॅबमध्येच द्या, त्याचा डेव्हलपर ३८ डिग्रीला नेमका सव्वातीन मिनिटं लागतो, घरी ते सांभाळणं कटकट आहे. ब्लॅक अँड व्हाइट बाथरूममध्ये होतो, फक्त डब्यांवरची वेळ २० डिग्रीची असते आणि आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात सहज तिशीला टेकलेलं असतं, म्हणून केमिकलच्या बाटल्या बर्फाच्या परातीत उभ्या करा, थर्मामीटर बघून मगच टाकीत ओता. लॅबमध्ये दिला असेल तर स्कॅन मेलवर आले म्हणून गप्प बसू नका, निगेटिव्ह मागून घ्या, बरेच जण विसरतात आणि लॅबवाले काही महिन्यांनी टाकून देतात. सहा-सहाच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटात, आणि पाकीट हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या जूनच्या आधी बदला.